आवडीला ठेवलेलं प्रस्थान

मी जर्मनीत एक सत्र शिकले, ही गोष्ट आमच्या नात्यात अजूनही सांगितली जाते, आणि सांगणारा दर वेळी त्या सत्राचं वर्ष करून टाकतो. खरं तर ते जेमतेम साडेचार महिने होते. तिथल्या लोकांनी त्याला उन्हाळी सत्र असं नाव दिलं होतं. एप्रिलच्या मध्यावर दोन स्वेटर घालून मी त्या उन्हाळ्याला हजर झाले.

मद्रासच्या आमच्या कॉलेजात चार वाजले की अटेंडर पंखे बंद करायचा आणि आम्ही मुकाट प्रयोगशाळेबाहेर पडायचो. तिथे पहिल्याच दिवशी एका बाईंनी माझी सही घेतली आणि प्रयोगशाळेची किल्ली हातात ठेवली. कधी या, कधी जा, कुणी विचारणार नाही. हे इतकं अंगावर आलं की पहिले दोन आठवडे मी इमानेइतबारे चार वाजताच निघत होते. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात प्रत्येकाच्या नावाचा एक खण होता. माझ्या खणात तांदूळ, चिंच आणि अम्माने दिलेली सांबारपूड. तिथलं दही काही केल्या आंबट व्हायचं नाही, म्हणून दहीभातात मी लिंबू पिळायची आणि ते खाऊन झाल्यावर हळहळायची.

तिथेच एक पुण्याचा मुलगा भेटला. कुणी मराठी भेटल्याच्या आनंदात मी बोलत सुटले. तो चार वाक्यं ऐकत राहिला आणि म्हणाला, "तुम्ही बखर वाचून मराठी शिकलात का?" आमचे पूर्वज तंजावरला गेले ते तीनशे वर्षांपूर्वी. घरची मराठी तेव्हाचीच राहिली, वर तमिळचा हेल चढला. आत्ता लिहिते आहे ती मराठी मी पुढे नोकरीसाठी पुण्यात आल्यावर उचलली. त्या मुलाचा मला राग आला होता, पण तो चुकीचं काही बोलला नव्हता.

शिकले, परीक्षा दिली, परत आले. सत्राबद्दल सांगण्यासारखं फार नाही. पण त्या सत्राला मी पोचलेच नसते, आणि ते कसं, हे मी आजवर नीटसं कुणाला सांगितलेलं नाही.

ही ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. मी एम.एस्सी.ला होते, रसायनशास्त्र. आम्ही मद्रासमध्येच अड्यारला राहायचो. अप्पा, म्हणजे माझे वडील, तिथल्याच एका संस्थेत टायपिस्ट होते. मी त्यांची एकुलती एक मुलगी. आमच्या कॉलेजातून त्या सत्रासाठी एकालाच पाठवणार होते, आणि माझा अर्ज अप्पांनी स्वतः टाइप केला होता. पाच प्रती, एकही खाडाखोड नाही. निवडीचं पत्र आलं तेव्हा ते त्यांनी तीनदा वाचलं, घडी करून पाकिटात घातलं आणि म्हणाले, "बरं झालं." अम्माने केसरी केली, म्हणजे केशर घातलेला शिरा. अट एकच होती: ठरलेल्या बुधवारपर्यंत तिथल्या कचेरीत जाऊन नाव नोंदवायचं. बुधवार चुकला तर जागा गेली, आणि पुढच्या वर्षी ती दुसऱ्या कॉलेजची पाळी. माझ्यासाठी सगळा खेळ त्या एका बुधवारचा होता.

विमान आदल्या शुक्रवारचं मिळालं. दुपारी एकला मद्रासच्या मीनंबाक्कम विमानतळावरून मुंबई, तिथून पुढे. बारापर्यंत आत जायला हवं होतं.

अप्पांच्या खोलीत भिंतीवर दोन गोष्टी शेजारी शेजारी टांगलेल्या असायच्या: पंचांग आणि रेल्वेचं वेळापत्रक. दोन्हीवर त्यांची सारखीच श्रद्धा. तिकीट हातात पडल्याबरोबर त्यांनी पंचांग उघडलं. शुक्रवारी पश्चिमेला शूल. म्हणजे त्या दिवशी पश्चिमेकडे प्रवासाला निघायचं नाही, आणि जर्मनी कितीही वळसे घेतले तरी पश्चिमेलाच. शिवाय साडेदहा ते बारा राहुकाळ. राहुकाळाचं सोपं होतं, दहालाच घर सोडायचं. शूलासाठी मात्र प्रस्थान ठेवावं लागणार होतं.

हल्ली हे फारसं कुणी करत नाही, म्हणून सांगते. जायच्या दिवशी मुहूर्त नसेल, तर आधीच्या चांगल्या दिवशी प्रवाशाची एखादी वस्तू घराबाहेर काढून, जायच्या दिशेला असलेल्या दुसऱ्या कुणाच्या घरी नेऊन ठेवायची. वस्तू निघाली म्हणजे माणूस निघाला. मग प्रत्यक्ष माणूस कुठल्याही दिवशी गेला तरी चालतं. एकच पथ्य: ठेवलेलं प्रस्थान परत घरी आणायचं नाही. ते वाटेतच उचलायचं.

पश्चिमेला आमचं हक्काचं घर होतं, शहराबाहेरच्या आवडी गावात. अप्पांचे धाकटे भाऊ, माझे काका, तिथल्या संरक्षण खात्याच्या कारखान्यात होते आणि सरकारी क्वार्टर्समध्ये राहायचे. विमानाच्या दोन दिवस आधीचा बुधवार चांगला निघाला. अम्माने खणाच्या कापडात मूठभर तांदूळ, हळकुंड आणि सुपारी बांधली. अप्पांनी ते गाठोडं पाहिलं आणि मान हलवली.

"एवढंसं तांदूळ म्हणजे ही नव्हे की," ते म्हणाले. "परदेशास जाणारी ही म्हणजे हिचा पासपोर्ट. अस्कं त्यांत ठेव. तिकीटही." आमच्या बोलीत अस्कं म्हणजे सगळं.

अम्मा म्हणाली, "नोको. हरवलं तर?"

"माझ्या भावाच्या घरांत हरवतें काय?"

अम्माने गाठोडं परत सोडलं. दिराच्या बाबतीत ती फार बोलायची नाही. मी मात्र म्हणाले की हा वेडेपणा आहे. अप्पा हसले, "केमिस्ट्रीच्या पुस्तकांत नाही म्हणून वेडेपणा होय." आणि पासपोर्ट गाठोड्यात गेला. तो विचार त्यांना तेव्हाच सुचला होता की आधीपासून मनात होता, हे मी पुढेही कधी विचारलं नाही.

बुधवारी सकाळी आम्ही तिघं लोकलने आवडीला गेलो. काकूंनी गाठोडं देवापुढे ठेवलं, आम्हाला इडल्या वाढल्या. काकांनी सगळ्यांसमोर कबूल केलं की शुक्रवारी ते नवाच्या आत घरातून निघतील, सेंट्रलला उतरून समोरच्या पार्क स्टेशनवर गाडी बदलतील आणि अकरापर्यंत गाठोडं घेऊन थेट विमानतळावर येतील. अप्पांनी त्यांना गाड्यांच्या वेळाही तोंडपाठ सांगितल्या.

शुक्रवारी अकरा वाजले. साडेअकरा वाजले. मी माझ्या सूटकेसवर बसून होते आणि प्रत्येक टॅक्सीकडे, प्रत्येक चालत येणाऱ्या माणसाकडे बघत होते. काकांकडे फोन नव्हता, आमच्याकडेही नव्हता. बाराला काउंटरवरच्या माणसाने मला बोलावून सांगितलं की तिकीट नाही तर तो काही करू शकत नाही. साडेबाराला त्याने नाइलाजाने हात उडवले. एकला विमान गेलं. मला ते दिसलं नाही, नुसता आवाज आला.

दोन वाजता काका आले. गाठोडं दोन्ही हातांनी छातीशी धरलेलं, सदरा घामाने चिंब.

अम्मा उभी राहिली. मी तिला आयुष्यात इतकं मोठ्याने बोलताना ऐकलं नव्हतं. "कुठं होतां? मुलीचं विमान गेलं! कुठं होतां तुम्ही?"

"राहुकाळ होता, वैनी," काका म्हणाले. "बारास निघालों. प्रस्थान घेऊन राहुकाळांत कसं निघूं?"

मग अम्माने जे सुरू केलं, ते सगळ्या हमालांनी ऐकलं. एवढा शिकलेला माणूस, कारखान्यात यंत्रं चालवतो, आणि एवढी अक्कल नाही? मुलीच्या आयुष्याचं वाटोळं केलंत. काका मान खाली घालून ऐकत होते. एकदाच त्यांनी वर पाहिलं, ते अप्पांकडे. अप्पा दुसरीकडे बघत होते. मला त्याचा अर्थ तेव्हा लागला नाही.

मला रडू येत होतं, पण रडले नाही. काकांची अवस्था बघवेना. मी म्हणाले, "असू दे काका." खरं म्हणजे असू दे वगैरे मला काही वाटत नव्हतं. डोकं नुसतं फिरलं होतं.

आता प्रश्न असा, की जायचं कुठे? प्रस्थान घरी न्यायचं नाही. आणि ज्या माणसाला ओवाळून, हातावर दही घालून निरोप दिला, त्याने त्याच दिवशी उंबरा उलटा ओलांडायचा नाही. अप्पांनीच आयुष्यभर पाळलेला नियम, ते तरी कसा मोडणार? शेवटी काकाच म्हणाले, "ती माझ्याकडे येऊं दे. प्रस्थान पांच दिवस चालतं. सोमवारपर्यंत वेळ आहे."

सोमवारी पश्चिमेला अडचण नव्हती. अप्पांनी क्षणभर भावाकडे पाहिलं आणि म्हणाले, "मी तिकिटाचं बघतों."

अशी मी परदेशी जायला निघाले आणि आवडीला पोचले.

आवडीचे ते तीन दिवस अजून डोळ्यांपुढे आहेत. सगळी क्वार्टर्स पिवळी, सारखी, दारावर नंबर. पहाटे कारखान्याचा भोंगा व्हायचा आणि पाच मिनिटांत सगळा रस्ता सायकलींनी भरून जायचा. शेजारी पंजाबी, समोर बंगाली, मागे मल्याळी. काकू त्या सगळ्यांशी तमिळ हेलाच्या हिंदीत बोलायच्या आणि त्यांना ते समजायचंही. घर वीस-पंचवीस किलोमीटरवर होतं आणि मला तिकडे जायची बंदी होती. शनिवारी अप्पा मौंट रोडवर विमान कंपनीच्या ऑफिसात दिवसभर बसून राहिल्याचं कळलं. सोमवारची वेटिंग लिस्ट, सतरावा नंबर. बुधवारपर्यंत पोचायचं तर सोमवारच्या पुढे वेळच नव्हता.

काका माझ्याशी बोलायचे नाहीत. शिफ्टवरून आले की अंघोळ करून देवापुढच्या गाठोड्याकडे एकदा बघायचे आणि पेपर घेऊन बसायचे. माझ्यासाठी मात्र रोज काहीतरी आणायचे. एकदा ताडगोळे, एकदा कॅन्टीनमधली बिस्किटं. मी ते नीट घेतलंही नाही. रविवारीही त्यांची शिफ्ट होती; सकाळी ते कामावर गेल्यावर काकू मला म्हणाल्या, "अजून दोन इडल्या घे," आणि माझा तोल सुटला. मी म्हणाले, मला इडल्या नकोत. इडल्या खायला मी इथे आलेले नाही. काकांना एक साधी गोष्ट करायला सांगितली होती, तीही राहुकाळात घातली. माझी सगळी मेहनत त्यांनी पाण्यात घातली, आणि आता ताडगोळे आणतात.

काकूंनी हातातला डाव ठेवला, पदराला हात पुसले, आत जाऊन पंचांगातून एक पोस्टकार्ड काढून आणलं आणि माझ्या ताटाशेजारी ठेवलं.

"तुज काकांनी दाखवूं नोको म्हणून सांगितलंय," त्या म्हणाल्या. "पण त्यांस कोणी मूर्ख म्हणलेलं मला ऐकवत नाही. वाच."

अप्पांचं अक्षर. आमच्याकडे मराठी बोलायचे आणि तमिळ लिपीत लिहायचे, तसंच लिहिलेलं. मजकूर तीन ओळींचा. शुक्रवारी साडेदहा ते बारा राहुकाळ आहे. सकाळी निघू नये. बारानंतरच प्रस्थान घेऊन घर सोडावे, त्याआधी नको. खाली बुधवारची तारीख. म्हणजे आम्हाला आवडीहून घरी सोडून ऑफिसात गेल्यावर त्यांनी ते लिहिलं होतं.

आवडी ते मीनंबाक्कम किती वेळ लागतो, हे अप्पांना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्यांनी गाडी क्रमांकासकट सांगितलं असतं. विमान एकला आहे, हे त्यांनी स्वतः कॅलेंडरवर लाल शाईने लिहिलं होतं. हा माणूस वेळेच्या बाबतीत चुकत नाही.

"काका काही म्हणाले नाहीत?" मी विचारलं.

"म्हणाले, अण्णा लिहितात म्हणजे कांहीं असेल. विमानाची वेळ बदलली असेल." काकू खाली बसल्या. "तिथं येऊन तुज तोंड बघितलं तेव्हां कळलं त्यांस. मग काय सांगतील? थोरला भाऊ."

मी त्या दोन इडल्या खाल्ल्या. दुसरं काय करायचं ते सुचेना. संध्याकाळी काका आले तेव्हा मी त्यांच्यासाठी कॉफी केली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग काकूंकडे, आणि त्यांना कळलं. "कडक झालीये," एवढंच म्हणाले, आणि सगळी प्यायले.

सोमवारी सकाळी भोंग्याआधीच आम्ही तिघं निघालो. गाठोडं माझ्या मांडीवर. विमानतळावर अम्मा आणि अप्पा आधीच येऊन थांबले होते. अप्पांच्या हातात तिकीट होतं. रविवारी संध्याकाळपर्यंत त्या ऑफिसच्या माणसाच्या घरी जाऊन बसून त्यांनी ते मिळवलं होतं, असं अम्माने कौतुकाने सांगितलं. काकांशी ती बोलली नाही. काकूंना फक्त "बरी आहेस?" म्हणून विचारलं.

मी अप्पांना म्हणाले, जरा इकडे या. आम्ही कठड्यापाशी गेलो. आदल्या रात्री मनातल्या मनात मी बरीच भाषणं रचली होती. त्यातलं एकही आठवलं नाही.

"कार्ड मी बघितलं," मी म्हणाले.

कुठलं कार्ड, असं त्यांनी विचारलं नाही. चष्मा काढला, धोतराच्या टोकाने पुसला, परत लावला.

"तूं गेलीस तर परत येणार नाहीस असं वाटलं," ते म्हणाले. "ऑफिसांत अस्क्यांची मुलं गेलींत. कोण आलं परत? पण अर्ज मीच टाइप केला. आतां नोको म्हणायला तोंड कुठलं? म्हणून राहुकाळास पुढं केलं."

"मग आज तिकीट का आणलंत?"

त्यांनी कठड्यावर हात टेकले. "तूं रडशील असं वाटलं होतं. रडली असतीस तर मी समजूत घातली असती. वर्षभरांत विसरली असतीस. तूं रडली नाहीस. काकास असूं दे म्हणालीस. मी तिथंच उभा होतों."

मला त्यांची दया आली, आणि त्याहून जास्त राग आला. तो राग मी लपवला नाही. मी म्हणाले, "अम्माने काकांना काय काय म्हटलं ते तुम्ही ऐकलंत. चार लोकांत. तुम्ही तोंड उघडलं नाहीत."

"होय."

"मी आत गेले की अम्माला सांगा. मी आतून बघेन. सांगितलं नाहीत तर मी घरी पत्र लिहिणार नाही."

माझ्या आयुष्यात वडिलांना घातलेली ही पहिली अट. त्यांनी मान हलवली. मी पाया पडले, अम्माच्या, काकूंच्या, काकांच्या. काकांनी गाठोड्यातला पासपोर्ट काढून माझ्या हातात दिला आणि तांदूळ माझ्या डोक्यावर टाकले.

आत गेल्यावर एक मोठी काच होती. तिच्यातून बाहेरची माणसं दिसायची, आवाज यायचा नाही. मी तिथे उभी राहिले. अप्पा अम्माजवळ गेले आणि बोलायला लागले. मान खाली होती, हात मागे बांधलेले. अम्मा आधी पर्समध्ये काहीतरी शोधत होती. मग तिचे हात थांबले. तिने अप्पांकडे पाहिलं. मग तिने त्यांच्याकडे पाठ फिरवली, चार पावलं चालून काकांपुढे गेली आणि हात जोडून उभी राहिली. मोठी वहिनी धाकट्या दिरापुढे. काका एकदम मागे सरले, दोन्ही हात हलवत नको नको म्हणत राहिले. मग त्यांनी खांद्यावरचा टॉवेल तोंडावर धरला.

अप्पा होते तिथेच एकटे उभे होते. ते वळले आणि काचेकडे बघू लागले. बाहेरून त्यांना मी दिसत होते की नाही, माहीत नाही. त्यांनी हात वर केला आणि तसाच धरून ठेवला. माझ्या विमानाची घोषणा झाली. मी हात हलवला नाही. पिशवी उचलली आणि गेले, आणि त्या साडेचार महिन्यांत त्याचं मला रोज वाईट वाटलं.